घरातलं पोरगं ड्रग्जमध्ये अडकलं तर: गोव्यातल्या घरांसाठी, पहिल्या संशयापासून व्यसनमुक्ती सेंटरनंतरच्या दिवसांपर्यंत

माझा मावसभाऊ ब्राऊन शुगरमधून, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनमधून, बाहेर आला हे आमच्या भागात बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यामुळे पेडण्यापासून फोंड्यापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या घरून मला फोन येत असतो, बहुतेक वेळा आईचा, आवाज एकदम दबका, "बाय, जरा बोलायचं होतं." प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून होत नाही म्हणून एकदाच सगळं बसून लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस वगैरे मला विचारू नका, पण कुठल्या दारात आधी जायचं, काय बोलायचं आणि कशावर सही करायची नाही एवढं नक्की सांगू शकते.

आपल्याकडची बहुतेक घरं ज्या क्रमाने जातात तो असा: आधी मार, मग देवळात शपथ, मग "ह्याला मुंबईला मामाकडे पाठवूया", मग कोणीतरी सांगितलेलं सेंटर, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी. डॉक्टर पहिला यायला हवा. आणि दुसरी गोष्ट, घरचे सगळा पैसा, सगळी रजा, सगळं रडणं त्याला सेंटरमध्ये नेईपर्यंतच संपवून टाकतात, मग तो परत येतो तेव्हा घरात कोणातच त्राण उरलेलं नसतं आणि खरी गरज नेमकी तेव्हा असते.

आधी तो काय घेतो ते कळू दे

"ड्रग्ज घेतो" एवढं पुरत नाही, कारण प्रत्येक मालाचा धोका वेगळा आणि उपचारही वेगळा.

गांजा-चरस असेल तर डोळे लाल, मध्येच जबरदस्त भूक, आणि रोज ओढणाऱ्याला एक दिवस मिळाला नाही तर चिडचिड आणि झोप नाही. काही पोरांना ह्याच्यातूनच भास सुरू होतात, कोणीतरी पाठलाग करतंय, मोबाइलमधून ऐकतंय असं वाटायला लागतं, तसं दिसलं तर एक दिवससुद्धा थांबू नका. एमडी (मेफेड्रोन), एमडीएमए (एक्स्टसी), कोकेन ह्या जागवणाऱ्या वस्तू: डोळ्यातली बाहुली मोठी, जबडा सारखा आवळलेला, दोन-दोन दिवस झोप नाही जेवण नाही, आणि मग पार्टीचा वीकेंड संपला की सोमवार-मंगळवार मेल्यासारखं झोपणं आणि उदास. ब्राऊन शुगरमध्ये बाहुली अगदी बारीक, बसल्या बसल्या मान खाली पडते, बद्धकोष्ठ, अंग खाजवत राहणं. झोपेच्या किंवा टेन्शनच्या गोळ्या घेणारा दारू न पिता अडखळत बोलतो, आणि हा प्रकार घरात सगळ्यात उशिरा कळतो कारण वास नाही, धूर नाही, आणि पाकीट मेडिकलमधलं.

आमच्याकडे मावशीला पहिली शंका आली ती डब्यातल्या चपात्या गुंडाळायच्या फॉइलवरून. रोल महिनाभर जायचा तो आठवड्यात संपायला लागला. नंतर त्याच्या खोलीतल्या माळ्यावर फॉइलचे तळहाताएवढे तुकडे सापडले, खालच्या बाजूने काळे आणि वरच्या बाजूला एक तपकिरी रेघ, गोगलगाय चालून गेल्यासारखी. बाजूला दहाची नोट, गुंडाळून गुंडाळून नळी झालेली. ह्याला चेसिंग म्हणतात, फॉइलवर पावडर ठेवून खालून लायटर आणि वरून नळीने धूर ओढायचा. असं काही मिळालं तर फोटो काढून ठेवा, डॉक्टरला दाखवायला उपयोगी पडतो. पण पुडी सापडली तर ती "पुरावा" म्हणून कपाटात जपून ठेवू नका, घरात माल असणं हाच गुन्हा आहे, आणि पुडी खिशात टाकून हॉस्पिटलमध्ये तर नेऊच नका.

कोणी सुई घेत असेल तर एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी ह्या टेस्टचं डॉक्टरांना आठवणीने विचारा. एचआयव्हीची टेस्ट आयसीटीसी म्हणजे सरकारी तपासणी-समुपदेशन केंद्रात फुकट होते आणि रिपोर्ट गुप्त ठेवतात.

आत्ता जिवाला धोका असेल तर बाकीचं वाचत बसू नका

हाक मारली तरी उठत नाही, श्वास फार हळू किंवा थांबून थांबून येतोय, घशातून विचित्र घरघर, ओठ किंवा नखं निळसर, तर तो "झोपलाय, झोपू दे" असं करू नका. १०८ ला फोन करा. कुशीवर वळवा म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही. लिंबूपाणी, मिठाचं पाणी, दूध काहीही तोंडात ओतू नका. श्वास थांबलाच असेल तर फोनवरचा माणूस सांगेल तसं करत राहा. आणि डॉक्टरसमोर खोटं बोलू नका, "कायतरी खाल्लं वाटतं" असं सांगण्यात वेळ जातो. ब्राऊन शुगरचा ओव्हरडोस असेल तर त्यावर नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, पण ते द्यायचं की नाही हे त्यांना कळायला तुम्ही खरं बोलायला पाहिजे.

मरण्याच्या गोष्टी बोलत असेल तर टेली मानस १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. दोन्ही फुकट.

बोलायचं कसं

नशेत असताना बोलू नका, काही उपयोग नाही. तलफ आलेली असतानाही नाही. झोप झालेली आहे, थोडंफार खाल्लंय, घरात पाहुणे नाहीत अशी वेळ बघा. एकाने बोलायचं, फार तर दोघांनी. आजी, काका, शेजारचा पंच, मामा अशी सभा भरवली की पोरगं गप्प बसतं नाहीतर दरवाजा आपटून जातं.

आणि मागायची ती एकच छोटी गोष्ट. "सोड" म्हणून मागू नका, त्याच्या हातात असतं तर एव्हाना सोडलं असतं. एवढंच म्हणा: "उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल, एकदा, ऐकून तरी येऊया." पुराव्याचं नाटक करू नका, जे दिसलं ते सरळ सांगा: "माळ्यावर फॉइल मिळालं. तू रात्री झोपत नाहीस. मला भीती वाटते." तो नाही म्हणेल. दोन-चार दिवस जाऊ द्या आणि परत विचारा, तेवढ्याच आवाजात. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने घरच्यांना शिकवायची एक पद्धत काढली, क्राफ्ट म्हणतात तिला, त्यात हेच आहे: भांडायचं नाही, तो शुद्धीत असताना चांगलं वागायचं, नशेत असताना त्याच्यापासून बाजूला व्हायचं, आणि त्याच्या नशेचे परिणाम आपण झेलायचे नाहीत. घेरून, दमदाटी करून बोलण्यापेक्षा ह्याने जास्त लोक उपचाराला तयार होतात असं अभ्यासांत दिसलंय.

देवाबद्दल. कौल लावा, गाऱ्हाणं घाला, नवस बोला, मी स्वतः केलंय आणि मावशीला त्याचा आधारच झाला. पण पोराला देवळात उभं करून शपथ घ्यायला लावू नका. दोन दिवसात त्याच्याकडून ती मोडली जाते आणि मग नशेच्या वर देवाची भीती, मग ती घालवायला परत नशा. घाडी-भगताकडे जाणारेही आहेत, मी कोणाला नाही म्हणत नाही, फक्त तिथे अंगारा सोडून प्यायला कुठलं औषध दिलं तर ते पोटात जाऊ देऊ नका.

तसंच ती जाहिरात असते ना, न कळत चहातून द्या आणि व्यसन सोडवा, ती पावडर. अजिबात नको. दारू सोडवण्याच्या एका औषधावर दारू प्यायली तर छाती धडधडते, बीपी कोसळतं, माणूस जाऊ शकतो, म्हणून ते पेशंटला सांगून, समजावूनच देतात. त्या पावडरीत काय आहे ते तर कोणालाच माहीत नसतं.

पैशाचा नळ

तो उपचाराला तयार होईपर्यंतसुद्धा घरात एक काम सुरू करता येतं, आणि ते म्हणजे पैसा. आपल्याकडे हे जास्त कठीण कारण किनाऱ्यावर सीझनमध्ये पोराच्या हातात रोख पैसा रोज येतो, टिप्स, रेंट-अ-बाइकचं कमिशन, रूमचं कमिशन, आणि घरच्यांना वाटतं कमावतोय तर विचारायचं कसं. आमचा वागातोरला शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलात, होता, महिन्याच्या पगारापेक्षा टिप जास्त, आणि फेब्रुवारीत समजलं की बँकेत काहीच नाही.

सगळ्या घराने एक ठरवायचं: रोख हातात नाही. बसचं तिकीट, मोबाइलचा रिचार्ज, जेवण, औषध हे सगळं आपण भरायचं, पण नोट द्यायची नाही. त्याची उधारी फेडायची नाही. "उद्या ते लोक मारतील मला" असं म्हणाला तरी हातात न देता आधी खरं काय ते बघायचं, आणि खरंच धमकी येत असेल तर पोलिसांत जायचं. आणि आजीला विश्वासात घ्या. नाही घेतलं तर ती पदराच्या गाठीतून शंभर-दोनशे काढून देणारच, बिचारं पोर उपाशी म्हणून, आणि तुमचं सगळं ठरवलेलं फुकट. दागिने, देवघरातली समई, गॅसचा जादा सिलिंडर, तांब्याची भांडी हे नातेवाइकाकडे हलवा. आमच्याकडे चवथीच्या आधी भांडी घासायला काढली तेव्हा पितळेची मोठी समई नव्हती.

डॉक्टर: बांबोळी

गोव्यात ह्यासाठी सरकारी जागा म्हणजे बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल, गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसराजवळच. लोक अजून "वेड्यांचं हॉस्पिटल" म्हणतात आणि त्याच एका शब्दापायी कितीतरी घरं तिथे न जाता लाखभर रुपये दुसरीकडे घालवून बसतात. तिथे व्यसनाचेही डॉक्टर बघतात, भरतीही करतात. तेवढं लांब नसेल जमत तर म्हापशाला किंवा मडगावला जिल्हा हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी कधी असते ते विचारा. खाजगी सायकियाट्रिस्टही चालेल, पण सायकियाट्रिस्टच, कारण औषध लिहायला एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर लागतो, नुसता काउन्सेलर पुरत नाही.

सकाळी लवकर जा. आधार कार्ड, जुने कागद असतील तर ते, आणि एका कागदावर लिहून न्या: काय घेतो, किती, किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं, दारूही पितो का, फिट कधी आली होती का, दुसरं काही औषध चालू आहे का. ओपीडीत डॉक्टरकडे वेळ कमी असतो आणि तिथे गेल्यावर आई रडायला लागते, म्हणून कागद. पोराला डॉक्टरशी एकट्याला बोलू द्या, तुमच्यासमोर तो अर्धंच सांगणार.

आता महत्त्वाचं. घरी खोलीत कोंडून "चार दिवस ओरडेल मग सुटेल" हे करू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊन अंगात ताप, थरथर, आणि माणूस दगावूही शकतो. ब्राऊन शुगरचं वेगळं: शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत नाक गळणं, जांभया, अंगावर काटा, मग हाडं मोडल्यासारखं दुखणं, जुलाब, उलट्या, दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. ह्याने सहसा माणूस मरत नाही पण पाणी कमी होऊन हालत खराब होते, आणि मुख्य म्हणजे त्या दुखण्यात बरीच पोरं भिंत चढून पळतात. डॉक्टरच्या औषधाने हेच दिवस झोपून, खाऊन निघतात. ह्याला डिटॉक्स म्हणतात.

ब्राऊन शुगरसाठी पुढे दोन तऱ्हेची औषधं असतात. एक ब्युप्रेनॉर्फिन, जे तलफ भागवतं आणि माणसाला कामाधंद्याला लावतं. दुसरं नाल्ट्रेक्सोन, जे नशा चढूच देत नाही, पण ते शरीरातून माल पूर्ण गेल्यावरच, म्हणजे साधारण सात-दहा दिवसांनी देतात, आधी दिलं तर एकदम भयंकर विड्रॉल, म्हणजे माल तुटल्यावरचा त्रास, सुरू होतो. कुठलं द्यायचं ते डॉक्टर बघेल. ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्या पोराला नातेवाईक म्हणतात "एक नशा सोडून दुसरी धरली." माझं मत स्पष्ट आहे: जो पोरगा सकाळी गोळी घेऊन कामावर जातो, संध्याकाळी घरी जेवतो, त्याची गोळी बंद करायची घाई शेजाऱ्यांना असेल तर शेजाऱ्यांनी घाई करत बसावं.

पोलिसांची भीती

"बांबोळीला नाव गेलं की पोलीस येतील" हे मला प्रत्येक फोनवर ऐकायला मिळतं. उपचाराला गेलात म्हणून हॉस्पिटल तुम्हाला पकडून देत नाही, पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे कायद्याने त्यांच्यावर बंधन आहे.

केस झालेलीच असेल तर: एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. सेवनासाठी कलम २७, ब्राऊन शुगर-कोकेनसाठी कमाल १ वर्ष, गांजा-चरससाठी कमाल ६ महिने, किंवा दंड, किंवा दोन्ही. पण कलम ६४अ असं आहे की सेवनाची किंवा अल्प प्रमाणातल्या मालाची केस असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत, चरस १०० ग्रॅमपर्यंत, गांजा १ किलोपर्यंत. मात्र उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेता येते, म्हणून ओपीडीचा प्रत्येक कागद, प्रत्येक तारीख जपून ठेवा. आणि "सरकारमान्य" हा शब्द बघा, कोणाच्या बंगल्यात चालणाऱ्या सेंटरचं सर्टिफिकेट इथे कामाला येईलच असं नाही. वकील परवडत नसेल तर अटकेत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळायचा हक्क आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन करा.

विकणाऱ्याची केस वेगळी, त्यात ६४अ मिळेल असं धरून चालू नका. आणि आपल्याकडे फुकट डोससाठी पुड्या पोचवणारी पोरं पण विकणाऱ्यातच धरली जातात हे तुमच्या पोराला शुद्धीत असताना एकदा नीट सांगा.

सेंटर निवडताना

प्रत्येकाला सेंटर लागतंच असं नाही. गांजावाला, घर धड असलेला, कामाला जाणारा पोरगा ओपीडी आणि काउन्सेलिंगवरही सावरतो. पण घरी राहून दोन-तीनदा प्रयत्न फसलेत, मित्र सगळे त्यातलेच, किंवा घरातच दुसरा कोणी पितो, तर सेंटर बरं. कालावधीचं म्हणाल तर पंधरा दिवसांत "पूर्ण बरा" करणारा माणूस समोर आला की उठून या. डिटॉक्स आठवड्या-दोन आठवड्यांत होतो, सवय बदलायला साधारण तीन महिने तरी धरा.

आपल्याकडे कृपा फाउंडेशनचं काम आहे, वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं. मराठीत बोलणारं, मराठी घर समजणारं म्हणून बरेच जण पुण्याच्या मुक्तांगणला जातात, डॉ. अनिता म्हणजे सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभं केलेलं. मी कोणाची जाहिरात करत नाही, जिथे जाल तिथे हे विचारा:

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का, सर्टिफिकेट दाखवा. सायकियाट्रिस्ट कोण, आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता. पोराशी फोनवर कधी बोलता येईल, भेटायला कधी येता येईल. घरच्यांचं काउन्सेलिंग आहे का. एकूण खर्च किती, औषध वेगळं का, मध्येच सोडलं तर पैसे परत किती. आणि राहायच्या खोल्या, संडास, स्वयंपाकघर बघायला मागा. ऑफिसमध्ये एसीत बसवून चहा देतात आणि आत नेत नाहीत, तिथे ठेवू नका.

कायद्यात हेही आहे की साखळीने बांधता येत नाही, जबरदस्तीने डोकं भादरता येत नाही, काम जबरदस्तीने करून घेता येत नाही, आणि घरच्यांशी संपर्क तोडता येत नाही. "पहिले तीन महिने फोन नाही भेट नाही" म्हणणाऱ्यांना हे विचारून बघा. एका सेंटरवाल्याने मावशीला सांगितलं होतं की गाडी आणि चार माणसं पाठवतो, पहाटे उचलून आणतो, तुम्ही फक्त दार उघडा. मोठ्या माणसाला असं उचलून नेता येत नाही. तो तयार नसेल आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची वेळ आली असेल, किंवा स्वतःची देखभालच करू शकत नसेल, तर कायद्यात त्याच्यासाठी रस्ता आहे: घरच्या माणसाने अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यात एक सायकियाट्रिस्ट, आणि भरती आधी ३० दिवसांपर्यंत. तो रस्ताही डॉक्टरमधूनच जातो, म्हणून परत म्हणते, आधी बांबोळी.

आरोग्य विमा असेल तर एजंटवर न थांबता पॉलिसी वाचा, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं ह्याच कायद्यात आहे, पण व्यसनाबद्दल वेगळी अट घातलेली असू शकते.

तो आत असताना

पहिल्या आठवड्या-पंधरवड्यात फोन येणार. "आई, मला ने. इथे मारतात. जेवणात अळ्या. मी आता बरा झालो, आईशपथ." हा फोन जवळपास प्रत्येक घरात येतो. फोनवरच "येते रे बाळा" म्हणू नका आणि "नाटकं करू नको" म्हणून ठेवूनही देऊ नका. मारतात म्हणाला तर दुसऱ्या दिवशी जाऊन समोर बघा, अंगावर वळ आहेत का, एकट्यात बोलू देतात का, बाकीची पोरं काय सांगतात. खरं असेल तर घेऊन या आणि तक्रार करा. खरं नसेल तर अर्धा तास बसा, बटर आणि खाजं आणलं असेल ते द्या, आणि त्याला न घेता परत या. मावशी परतताना बसमध्ये पणजीपर्यंत रडली, पण परतली.

"चवथीला तरी घरी आणूया" हे पण होतं. चवथीला सगळे चुलते एकत्र, रात्री भजनं झाल्यावर मागच्या अंगणात बाटली फुटते, आणि सेंटरमधून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला पोरगा तिथेच. नका आणू. गणपती पुढच्या वर्षीही येतो.

ह्या काळात घरच्यांचं काम जास्त आहे. त्याची खोली साफ करा, माळा, गादीची शिवण, बाइकची डिकी, संडासाची टाकी सगळं. बाबा रोज संध्याकाळी पेग घेत असतील तर त्यांच्याशी बोला, पोरगा परत येईल तेव्हा घरात बाटली असता कामा नये, काजूच्या हंगामातलं उराकसुद्धा नाही. आणि आईने स्वतःला एकदा डॉक्टरला दाखवावं. शुगर, बीपी, झोप, सगळं ह्या वर्षांत गेलेलं असतं.

परत आल्यावर

सगळ्यात आधी एक धोका लिहून ठेवा: महिना-दोन महिने बंद असल्यावर शरीराला जुना डोस झेपत नाही. सेंटरमधून किंवा जेलमधून सुटून आलेला पोरगा पहिल्याच दिवशी पूर्वीएवढंच घेतो आणि त्यातच जातो. हे घाबरवायला लिहीत नाही, हे त्याला सेंटरमध्ये असतानाच डॉक्टरकडून सांगून घ्या.

दुसरं, सीझनचं कॅलेंडर बघून परतीची तयारी करा. बाहेरच्या लोकांना हे कळत नाही पण आपलं वर्ष दोन भागांत असतं. घरचे म्हणतात सीझन संपू दे, मग पावसात सेंटरला पाठवू, म्हणजे चार महिने अजून माल घेऊ दिला. मग जूनला भरती, सप्टेंबरला सुटका, आणि ऑक्टोबरला हरमलपासून कांदोळीपर्यंत शॅक उभे राहायला लागतात आणि जुना मालक फोन करतो, "ये रे, माणसं कमी आहेत." त्याला उभ्या आयुष्यात येतं ते एकच काम, आणि ते काम जिथे मिळतं तिथेच माल मिळतो. पाठवायला थांबू नका, आणि तो परत येण्याच्या आधी दुसरं काम शोधून ठेवा. पगार कमी असेल. वेर्णा, कुंडई, मडकई, तुये इथल्या फॅक्टऱ्यांत पॅकिंगचं असेल, मामाच्या भुसारी दुकानात असेल, फर्मागुढीच्या आयटीआयमध्ये काही शिकता येईल. आमचा पहिले काही महिने साखळीला एका नातेवाइकाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला, रोज कुरकुर करायचा की शॅकवर एका रात्रीत मिळायचं ते इथे आठवड्यात मिळतं. कुरकुर ऐकून घ्यायची. किनाऱ्यावरची नोकरी निदान पहिला एक पूर्ण सीझन तरी नको.

पगार काही महिने आईच्या खात्यात, हे त्याच्याशी बोलून, लिहून, त्याच्या संमतीने. सिम नवीन. जुने नंबर, ग्रुप, इन्स्टावरचे ते मित्र त्याने स्वतः काढायचे, तुम्ही फोन हिसकावून नाही. बाइक थोडे दिवस घरातल्या दुसऱ्या कोणाच्या कामाला लावा. संध्याकाळी सहा ते रात्री दहा हे तास भरून टाका, तलफ तेव्हाच येते: भजनी मंडळात पखवाज, जिम, फुटबॉल, गुरांचा गोठा, काहीही. आणि नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगा. गोव्यात भरतात, पैसे लागत नाहीत, नाव-गाव सांगायची सक्ती नाही, सोडायची इच्छा एवढीच अट. चर्चच्या हॉलमध्ये भरली म्हणून धर्माचं काही असेल असं समजून आपली हिंदू घरं लांब राहतात, तसं काही नाही. पहिल्यांदा त्याला सोडायला गेलात तर बाहेर थांबा, आत डोकावू नका.

रोज खिसे तपासणं, डोळ्यात टॉर्च मारणं, तोंडाचा वास घेणं बंद करा. तपासायचंच असेल तर डॉक्टरकडून लघवीची टेस्ट, आधीच ठरवून, सगळ्यांना माहीत असताना. ब्राऊन शुगर लघवीत दोन-तीन दिवस दिसतं, रोज गांजा ओढणाऱ्याचा गांजा तर बंद केल्यावरही काही आठवडे दिसू शकतो, म्हणून एकदा पॉझिटिव्ह आली की लगेच आरडाओरडा करू नका, डॉक्टरला विचारा. ओपीडीची तारीख चुकवू नका, "आता बरा आहे" म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.

लग्नाचा विषय कोणीतरी काढणार, "बायको आली की सुधारेल." मुलीच्या घरी न सांगता असं लग्न लावणं हा दुसऱ्याच्या पोरीशी केलेला सरळ अन्याय आहे, मला ह्यावर जास्त लिहायचं नाही.

पुन्हा घेतलं तर

बऱ्याच जणांकडून एकदा तरी घेतलं जातं. त्या दिवशी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, तो सेंटरमधून येतानाच, तोही बसलेला असताना. आमच्याकडे असं ठरलं होतं: घेतलं तर त्याने चोवीस तासांच्या आत घरातल्या एका माणसाला सांगायचं, तो माणूस मी. सांगितलं तर ओरडणार नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. लपवलं आणि आम्हाला कळलं तर पैसा, बाइक, रात्रीचं बाहेर जाणं सगळं परत बंद आणि तरीही दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

शिगम्याच्या दिवसात रात्री साडेबाराला फोन आला, "ताई, मी घेतलं." मी विचारलं कधी, किती, फॉइलवर की सुई, दारू बरोबर प्यायलास का, आता कोणाबरोबर आहेस. हेच पाच प्रश्न विचारा, "का केलंस" हा सहावा नंतर कधीतरी. मग मावसाजी जाऊन त्याला घेऊन आले, रात्रभर एकजण जागा राहिला, श्वास नीट चाललाय ना बघायला, कुशीवर झोपवलं, आणि सकाळी सातच्या आधी बांबोळीला निघालो, मागच्या भेटीचे कागद घेऊन.